अमेरिकेतील सार्वजनिक शाळा: अध्ययन मानके आणि वर्गातील अध्यापन यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील मराठी शाळेत शनिवार-रविवारी मुलांना सोडायला आलेले पालक वर्षानुवर्षे जे प्रश्न विचारत आले आहेत, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक पालक स्वतः महाराष्ट्रात शिकलेले असतात, त्यामुळे त्यांच्या मनातली शाळा आणि मुलाची शाळा यांत मोठे अंतर असते. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सगळ्या अमेरिकेत एकच अभ्यासक्रम आहे का?

नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही आणि दहाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांकडे राहतात. म्हणून मुलाने काय शिकावे हे राज्य ठरवते, आणि ते कोणत्या पुस्तकातून व कोणत्या क्रमाने शिकवावे हे बहुतेक ठिकाणी स्थानिक शाळा-जिल्हा, म्हणजे ज्याला येथे सगळे डिस्ट्रिक्ट म्हणतात तो, ठरवतो. असे सुमारे १३,००० डिस्ट्रिक्ट देशात आहेत. केंद्र सरकारने अभ्यासक्रम लादू नये, अशी तरतूद केंद्रीय कायद्यातच आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण विभाग बंद करण्याच्या दिशेने राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला, तेव्हा अनेक पालकांनी 'आता मुलांचा अभ्यासक्रम बदलणार का?' असे विचारले. परंतु अभ्यासक्रम त्या विभागाच्या हातात कधीच नव्हता.

२. 'स्टँडर्ड' म्हणजे नेमके काय? ते पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळे कसे?

स्टँडर्ड, म्हणजे अध्ययन मानक, हे वर्षाअखेरीस मुलाला काय कळले पाहिजे आणि काय करता आले पाहिजे याचे राज्याने लिहून दिलेले विधान असते. महाराष्ट्रातील शाळांत हल्ली 'अध्ययन निष्पत्ती' हा शब्द वापरतात. त्याच्या हे बरेच जवळ आहे. आपल्या मनात अभ्यासक्रम म्हटले की बालभारतीचे पुस्तक उभे राहते, कारण तेथे राज्याने ठरवलेले आणि पुस्तकात छापलेले यांत पालकाला फरक दिसत नाही. येथे मात्र चार गोष्टी वेगवेगळ्या हातांत असतात: मानक राज्याचे, शिकवण्याचे साहित्य डिस्ट्रिक्टने निवडलेले, पद्धत बरीचशी शिक्षकाची आणि वर्षाअखेरची चाचणी पुन्हा राज्याची. कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये राज्य पातळीवर पुस्तकांची मान्यताप्राप्त यादी असते, पण तेथेही डिस्ट्रिक्टला यादीबाहेरचे साहित्य घेता येते. दप्तरात पुस्तक न येता सुटी पाने येतात, त्याचे कारणही हेच. कित्येक वर्गांत एकच एक पुस्तक नसतेच.

गृहपाठाच्या पानाच्या कोपऱ्यात कधी कधी '३.एनबीटी.ए.२' असे काहीतरी बारीक अक्षरांत छापलेले असते. त्यातला ३ म्हणजे तिसरीचा वर्ग, मधली अक्षरे म्हणजे दशमान पद्धतीतील संख्या आणि क्रिया हे क्षेत्र, 'ए' हा त्यातील गट आणि शेवटचा २ हा मानकाचा क्रमांक. या मानकाचा आशय असा की तिसरीच्या अखेरीस मुलाला १००० पर्यंतच्या संख्यांची बेरीज-वजाबाकी सफाईने करता आली पाहिजे. हा संकेत आणि राज्याचे नाव घेऊन शोध घेतला तर पूर्ण मानक मोफत वाचायला मिळते. शिक्षकांच्या भेटीला जाण्यापूर्वी पालकाने एवढे जरी वाचले, तरी त्या पंधरा मिनिटांच्या भेटीचा दर्जा बदलतो, असा माझा अनुभव आहे.

३. कॉमन कोअर अजून आहे का? आमच्या राज्यात ते रद्द झाले असे ऐकले.

राज्यांचे गव्हर्नर आणि राज्यांचे शिक्षणप्रमुख यांच्या संघटनांनी २००९ मध्ये पुढाकार घेऊन भाषा आणि गणित या दोन विषयांची सामायिक मानके, म्हणजेच कॉमन कोअर, लिहून घेतली आणि जून २०१० मध्ये ती प्रसिद्ध केली. ४५ राज्यांनी ती दोन्ही विषयांसाठी स्वीकारली, मिनेसोटाने फक्त भाषेपुरती घेतली, तर टेक्सस, व्हर्जिनिया, अलास्का आणि नेब्रास्का या चार राज्यांनी ती कधीच घेतली नाहीत. ही मानके केंद्र सरकारने लिहिली नव्हती, पण त्याच सुमारास जाहीर झालेल्या ४.३५ अब्ज डॉलरच्या स्पर्धात्मक केंद्रीय अनुदानात अशी मानके स्वीकारणाऱ्या राज्यांना गुण मिळत होते. केंद्राने मागच्या दाराने अभ्यासक्रम आणला हा आक्षेप त्यातून निघाला, आणि तो निराधार होता असे मला म्हणवत नाही.

२०१४ मध्ये इंडियाना सर्वप्रथम बाहेर पडले, नंतर आणखी काही राज्ये पडली. फ्लोरिडाने २०२० मध्ये स्वतःची नवी मानके आणली. परंतु न्यू जर्सी, न्यूयॉर्क यांसारख्या अनेक राज्यांनी दुरुस्त्या करून आणि नाव बदलून तीच चौकट पुढे चालवली. 'रद्द झाले' याचा अर्थ पुष्कळदा पाटी बदलली एवढाच असतो. आपल्या राज्याच्या तिसरीच्या गणिताच्या मानकांची मूळ मजकुराशी तुलना केली की हे लगेच दिसते.

४. मुलीला वजाबाकी भलत्याच पद्धतीने शिकवतात. मी घरी हातचा घेऊन शिकवली तर चालेल का?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, आणि त्यामागची कळकळ मला पूर्ण समजते, कारण जी गोष्ट आपल्याला डोळे मिटून येते तीच मुलीला शिकवताना आपण चूक ठरतो.

एका दुसरीतल्या मुलाच्या वहीतले उदाहरण सांगते. ५०३ वजा २९८. त्याने आईने शिकवल्याप्रमाणे संख्या एकाखाली एक मांडल्या होत्या आणि उत्तर लिहिले होते ३९५. एककात तीनमधून आठ जात नाहीत म्हणून त्याने आठातून तीन वजा केले, दशकात नवातून शून्य आणि शतकात पाचातून दोन. मांडणी नीटनेटकी, अक्षर सुरेख, आणि उत्तर जवळपास दुप्पट. ते खटकायला हवे हेही त्याला जाणवले नव्हते. मग त्याला संख्यारेषेवर २९८ पासून चालायला सांगितले: २ पावले चालून ३००, तेथून २०३ चालून ५०३. म्हणजे २०५. शेजारच्या शून्याकडून हातचा मागण्याची वेळच आली नाही. ही पद्धत परकी नाही. गावचा किराणा दुकानदार त्रेसष्ट रुपयांच्या मालावर शंभराची नोट घेऊन सुटे परत देतो, तेव्हा 'पासष्ट, सत्तर, शंभर' असे वर मोजत याच रीतीने वजाबाकी करतो.

कॉमन कोअरच्या चौकटीत उभ्या मांडणीची प्रचलित रीत वगळलेली नाही, उशिरा आणली आहे. बेरीज-वजाबाकीसाठी ती चौथीत, अनेक अंकी गुणाकारासाठी पाचवीत आणि भागाकारासाठी सहावीत अपेक्षित आहे. त्याआधीची वर्षे स्थानिक किंमत पक्की करण्यासाठी राखली आहेत. म्हणून घरी हातचा शिकवायला हरकत नाही, परंतु दोन गोष्टी पाळाव्यात. दशक सोडवून त्याचे दहा एकक केले म्हणजे हातचा, हे मुलीला मण्यांनी किंवा काड्यांच्या जुड्यांनी दाखवावे; आणि गृहपाठात विशिष्ट रीत मागितली असेल तेथे ती रीतच वापरू द्यावी, कारण तेथे उत्तराबरोबर विचारही तपासला जात असतो. शाळेची ही वेगळी रीतही कधी ओझे होऊ शकते, हे मान्य केले पाहिजे. एकाच गणितासाठी चार चार आकृत्या काढायला लावणारी पाने मी पाहिली आहेत. मानक तसे सांगत नाही. ते साहित्य निवडणाऱ्याचे किंवा शिकवणाऱ्याचे वळण असते, आणि त्याबद्दल शिक्षिकेशी बोलायला पालकाला पूर्ण मुभा आहे.

५. येथे पाढे पाठ करून घेत नाहीत, हे खरे का?

अर्धेच खरे. तिसरीच्या अखेरीस एक अंकी संख्यांचे सर्व गुणाकार स्मरणातून यावेत, असे मानकात स्पष्ट म्हटले आहे. मात्र रोज संध्याकाळी देवापुढे बसून पाढे म्हणावेत तसा सराव वर्गात क्वचित होतो, आणि माझ्या मते येथे शाळा कमी पडतात. घरी दहापर्यंतचे पाढे जरूर पाठ करून घ्यावेत. तीसपर्यंतच्या पाढ्यांची येथे अपेक्षा नाही. मराठीतून पाठ केले तर चालेल का, हाही प्रश्न येतो. चालेल, आठ सत्ते छप्पन्न कोणत्याही भाषेत छप्पन्नच.

६. मुलगा भराभर वाचतो, पण शब्द नवा आला की चित्र बघून अंदाज करतो. शाळा म्हणते काळजी नको. काय करावे?

काळजी करावी. मूल पानावर 'रॅबिट' हा शब्द असताना 'बनी' म्हणत असेल, तर ते वाचत नसून चित्र ओळखत आहे. अनेक वर्षे पुष्कळ अमेरिकी शाळांत मुलांना चित्र, वाक्याचा अर्थ आणि पहिले अक्षर यांवरून शब्द ताडायला शिकवले गेले. २००० मध्ये केंद्रीय पातळीवरील वाचन समितीने संशोधनाचा आढावा घेऊन पाच घटक महत्त्वाचे ठरवले होते: शब्दातील ध्वनी ओळखणे, अक्षर-ध्वनींचा संबंध, ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन. तरीही वर्गांतली सवय बदलायला वीस वर्षे गेली. मिसिसिपी राज्याने २०१३ मध्ये कायदा करून शिक्षकांचे प्रशिक्षण, वर्गावर जाऊन मदत करणारे वाचन-मार्गदर्शक आणि तिसरीअखेर वाचता न येणाऱ्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद एकत्र आणली. देशाच्या तळाशी असलेले ते राज्य २०१९ मध्ये चौथीच्या वाचनात राष्ट्रीय सरासरीला पोहोचले. त्यानंतर अनेक राज्यांनी तसे कायदे केले आणि काहींनी अंदाजाने वाचायला शिकवण्यावर बंदीही घातली.

मराठी पालकांची येथे एक स्वाभाविक गफलत होते. देवनागरीत अक्षर दिसले की उच्चार कळतो, म्हणून बाराखडी आली की वाचन आले. इंग्रजीत २६ अक्षरांवर सुमारे ४४ ध्वनींचा भार आहे, त्यामुळे तो संबंध पायरी पायरीने शिकवावाच लागतो. चित्रे झाकून, मुलाने कधी न पाहिलेले चार-पाच शब्द, अगदी अर्थ नसलेलेसुद्धा, त्याला वाचायला द्या. ते अडले तर त्या नोंदी घेऊन शिक्षिकेला भेटा आणि शाळेने घेतलेल्या वाचन-तपासणीचे निकाल मागा. अडचण कायम राहिली तर प्रश्न १२ पाहा.

७. विज्ञानाच्या वहीत व्याख्या नाहीत, प्रश्नोत्तरे नाहीत. मग शिकवतात काय?

२०१३ मध्ये आलेली नव्या पिढीची विज्ञान मानके सुमारे २० राज्यांनी जशीच्या तशी घेतली आहेत आणि इतर अनेकांनी त्याच चौकटीवर आपली मानके बेतली आहेत. त्यांत विषयाचा आशय, वैज्ञानिकाच्या कामाच्या रीती आणि सर्व शाखांना जोडणाऱ्या कल्पना हे तिन्ही धागे एकत्र विणलेले असतात. पाचवीतला एक तास पाहा: मुले पाण्याचे वजन करतात, साखरेचे करतात, साखर विरघळवतात आणि पुन्हा वजन करतात. साखर दिसेनाशी झाली, पण काटा हलला नाही. का, हे त्यांनी आकृती काढून लिहायचे असते. व्याख्या शेवटी येते. चांगल्या शिक्षकाच्या हाती ही रीत उत्तम चालते. घाईत मात्र प्रयोग होतो आणि निष्कर्ष राहून जातो. म्हणून मुलाला घरी 'आज काय केले?' याऐवजी 'त्यावरून काय कळले?' असे विचारावे.

८. इतिहासात राज्याराज्यांत इतका फरक का?

कारण त्यावर देशाचे एकमत कधी झाले नाही. इतिहासाची राष्ट्रीय मानके लिहिण्याचा प्रयत्न झाला तेव्हा जानेवारी १९९५ मध्ये सिनेटने ९९ विरुद्ध १ मतांनी त्यांच्याविरुद्ध ठराव केला. त्यामुळे गणितासारखी सामायिक चौकट येथे नाही. कॅलिफोर्नियात सहावीला प्राचीन भारत शिकवतात आणि २०१६ मध्ये तेथील आराखडा सुधारताना काही ठिकाणी 'भारत' म्हणावे की 'दक्षिण आशिया', यावर मोठा वाद झाला. भारतीय वंशाच्या पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी सुनावण्यांत आपले म्हणणे मांडले. मानकांच्या सुधारणेत लोकांकडून सूचना मागवण्याची पद्धत आहे. सुधारणेचा मसुदा वाचून, मुदतीत, नेमक्या ओळीचा हवाला देऊन पाठवलेली हरकत विचारात घेतली जाते. नुसता संताप घेतला जात नाही.

९. राज्याच्या चाचण्या किती आणि कशासाठी? 'प्रोफिशियंट' नाही म्हणजे मूल नापास का?

१९६५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्याची २००२ ची आवृत्ती सांगत होती की २०१४ पर्यंत सर्व मुले अपेक्षित पातळीवर यावीत. ते शक्य नव्हते आणि झाले नाही. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या सुधारित कायद्याने ते उद्दिष्ट काढले, पण चाचण्या ठेवल्या: तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन व गणित, हायस्कुलात एकदा, आणि विज्ञान तीन टप्प्यांत एकेकदा. या चाचण्या प्रामुख्याने शाळेचा हिशेब मागण्यासाठी आहेत. मूल त्यात नापास होत नाही. अपवाद म्हणजे तिसरीच्या वाचनावर पुढचा वर्ग अवलंबून ठेवणारी राज्ये (प्रश्न ६) आणि हायस्कूल पूर्ण केल्याच्या पदवीपत्रासाठी परीक्षा लावणारी मोजकी राज्ये. मॅसॅच्युसेट्समध्ये अशी अट होती, ती नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी काढली.

'प्रोफिशियंट', म्हणजे प्रवीण, या शब्दाने फार गोंधळ होतो. प्रत्येक राज्याची रेघ वेगळी आहे. शिवाय १९६९ पासून होणाऱ्या राष्ट्रीय नमुना चाचणीत याच शब्दाचा अर्थ इयत्तेच्या अपेक्षेहून वरचा आहे. त्या चाचणीत २०२४ मध्ये चौथीची ३१ टक्के मुलेच वाचनात या पातळीला पोहोचली. म्हणजे उरलेल्यांना वाचता येत नाही असे नव्हे. खरी चिंतेची बाब त्याखालची आहे: सुमारे ४० टक्के मुले प्राथमिक पातळीच्याही खाली होती. राष्ट्रीय चाचणीत एकेका मुलाचा निकाल मिळत नाही.

१०. चाचणीला मुलाला न बसवण्याचा हक्क आहे का?

राज्यावर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियात लेखी विनंती केल्यास सूट मिळते. टेक्ससचा कायदा चाचणी टाळण्यासाठी मूल बाजूला काढू देत नाही. केंद्रीय कायदा ९५ टक्के सहभागाची अपेक्षा ठेवतो, पण ती जबाबदारी राज्याची आणि शाळेची आहे. २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सुमारे २० टक्के मुले बसली नव्हती.

११. घरची भाषा मराठी लिहिली तर मुलाला इंग्रजीच्या वेगळ्या वर्गात टाकतील का?

नुसते लिहिल्याने नाही. प्रवेशाच्या वेळी भरून घेतलेल्या पत्रकात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा आली की मुलाची एक छोटी तपासणी होते आणि त्यात इंग्रजी पुरेसे आढळले तर विषय तेथेच संपतो. कमी पडले तर शाळेला मदत द्यावी लागते. १९७४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ते बंधन आहे. ही मदत पालक नाकारू शकतात, मात्र मूल त्या यादीतून बाहेर पडेपर्यंत वार्षिक इंग्रजी चाचणी द्यावीच लागते. ते टाळण्यासाठी पत्रकात 'इंग्रजी' लिहिणारे पालक मी पाहिले आहेत. कृपया तसे करू नये. चार वर्षांच्या मुलाला नवा देश, नवी भाषा आणि शांत बसलेले तोंड घेऊन वर्गात एकटे सोडणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

१२. मुलीला आयईपी दिले तर तिच्यासाठी मानके खाली आणतात का?

नाही, आणि या भीतीपोटी आपल्या समाजात मदत मागायला जो उशीर होतो तो मला सर्वांत जास्त सलतो. १९७५ च्या कायद्याने अपंगत्व किंवा अध्ययन-अडचण असलेल्या प्रत्येक मुलाला मोफत आणि योग्य शिक्षणाचा हक्क दिला. आयईपी, म्हणजे वैयक्तिक शिक्षण योजना, हा त्या हक्काचा लेखी दस्तऐवज आहे. बहुसंख्य मुलांसाठी इयत्तेची मानके तीच राहतात. जास्त वेळ, प्रश्न वाचून दाखवणे, वाचनाचे विशेष तास असे तेथवर पोहोचण्याचे मार्ग बदलतात. गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेल्या थोड्या मुलांसाठीच पर्यायी चाचणी असते आणि राज्यातील एकूण परीक्षार्थींच्या १ टक्क्याची मर्यादा तिला आहे. नावापुरती प्रगती पुरेशी नाही, मुलाच्या परिस्थितीला साजेशी पण महत्त्वाकांक्षी उद्दिष्टे हवीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एकमताने सांगितले.

तपासणीची विनंती तोंडी करू नये. तारीख घालून लेखी द्यावी. पालकाच्या संमतीनंतर सर्वसाधारण केंद्रीय मुदत ६० दिवसांची आहे, राज्याची वेगळी असू शकते. बैठकीला आजी-आजोबा किंवा इंग्रजी न येणारा पालक येणार असेल तर आधी कळवावे. पालकासाठी दुभाषा देणे शाळेचे काम आहे. विशेष शिक्षणाची गरज नसून फक्त सवलतींची असेल, तर १९७३ च्या कायद्यातील ५०४ क्रमांकाच्या कलमाखाली वेगळी योजना होते.

१३. मुलगा गणितात पुढे आहे. वरचे गणित कसे मिळेल?

हुशार मुलांसाठी आयईपीसारखा केंद्रीय हक्क नाही, सारे राज्य आणि डिस्ट्रिक्टवर आहे. टेक्ससने २०२३ मध्ये कायदा करून पाचवीच्या चाचणीत वरच्या ४० टक्क्यांतील मुलांना सहावीत आपोआप प्रगत गणितात घालायचे ठरवले. उलट सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये आठवीचे बीजगणित काढले आणि दहा वर्षांनी मतदारांनी ते परत आणावे असा कौल दिला. आठवीत बीजगणित झाले तर बारावीत कॅल्क्युलस सहज बसते, म्हणून पाचवीतच डिस्ट्रिक्टला गणिताच्या वर्गांचा पूर्ण क्रम विचारावा. मात्र अपूर्णांक डळमळीत असताना केलेली उडी नववीत महागात पडते.

१४. नोकरीमुळे राज्य बदलले. वर्ग, विषय, गुण यांचे काय होते?

मानके मुलाबरोबर येत नाहीत. कॅलिफोर्नियात चौथीला राज्याचा इतिहास शिकलेले मूल टेक्ससला गेले तर सातवीत त्याला तेथील इतिहास नव्याने शिकावा लागतो. बालवाडीतून किंडरगार्टनला, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाला, जाण्याची तारीखही वेगळी: नोव्हेंबरमध्ये जन्मलेले मूल न्यूयॉर्क शहरात चौथ्या वर्षी किंडरगार्टनमध्ये जाते, कॅलिफोर्नियात त्यासाठी आणखी एक वर्ष थांबते. निघण्यापूर्वी प्रगतिपुस्तके, चाचण्यांचे निकाल आणि असल्यास आयईपी यांच्या प्रती स्वतःजवळ घ्याव्यात. १९७४ च्या केंद्रीय कायद्याने पालकाला या नोंदी पाहण्याचा हक्क आहे आणि शाळेने त्या ४५ दिवसांच्या आत दाखवल्या पाहिजेत.

१५. मराठी शाळेत शिकलेल्या मराठीचा येथील शाळेत काही उपयोग होतो का?

होतो. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेवरही प्रभुत्व असलेल्या विद्यार्थ्याच्या हायस्कूलच्या पदवीपत्रावर द्विभाषा-साक्षरतेची मुद्रा देण्याची पद्धत कॅलिफोर्नियाने २०११ च्या कायद्याने सुरू केली आणि ती देशभर पसरली. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांतून तयार झालेल्या मुलांना याचा लाभ घेता येतो. काही डिस्ट्रिक्ट परकीय भाषेचे क्रेडिटही देतात. कोणती चाचणी ग्राह्य धरली जाईल हे डिस्ट्रिक्ट ठरवतो, म्हणून आठवी-नववीतच समुपदेशकाला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. या चाचण्यांत ऐकणे आणि बोलणे यांबरोबर देवनागरीत वाचणे व लिहिणेही तपासतात. घरी अस्खलित बोलणारी कित्येक मुले नेमकी जोडाक्षरांपाशी थांबतात, तेव्हा लेखनाचा सराव निदान दोन वर्षे आधी सुरू करावा.